भूमिकाखेळाच्या मराठी मजकुरात ‘तू’ लिहावे की ‘तुम्ही’? आणि मोबदल्यासाठी शब्द कोणत्या भाषेतले मोजावेत?

प्रश्न : रात्रपाळीची लेखणी

नमस्कार. मी पुण्यात कर्वेनगरला राहते आणि टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांसाठी, म्हणजे ज्यांना आपण सगळे बोलताना सरळ आरपीजी म्हणतो त्यांच्यासाठी, गेली सहा वर्षे इंग्रजीत साहसकथा लिहून देते. काम सुटे आहे : कधी आठ पानांची एखादी कथा, कधी कुणाच्या मोठ्या पुस्तकातले एक गाव आणि त्यातली पंधरा माणसे, कधी नुसती राक्षसांची वर्णने. संपादक परदेशात असल्यामुळे त्यांची सकाळ होते तेव्हा आमच्याकडे रात्रीची जेवणे चाललेली असतात, आणि माझे खरे काम त्यानंतर सुरू होते. मी नेमके काय करते हे घरी अजून नीट समजावून सांगता आलेले नाही. आईला फाशांची पिशवी पहिल्यांदा सापडली तेव्हा तिने वीस बाजूंचा फासा उजेडात धरून पाहिला आणि ‘शकुनीकडेसुद्धा इतक्या बाजूंचा नव्हता’ एवढेच म्हटले.

आमची बैठक दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्याच दिवाणखान्यात भरते. चार खेळाडू आणि मी. नियम इंग्रजी पुस्तकातले आणि बोलणे मराठीत, ही आमची पहिल्यापासूनची पद्धत. तिच्यात मला आजवर काही अडचण जाणवली नव्हती, कारण बोलताना समोर कोण बसले आहे ते दिसत असते. अडचण आली ती लिहायला बसल्यावर. एका लहान प्रकाशनाने सुमारे १२,००० शब्दांची एक इंग्रजी साहसकथा मराठीत आणून मागितली आहे. मूळ लेखन माझे नाही. कथा जुन्याच वळणाची आहे : पडका किल्ला, त्याखालची दालने, वाट दाखवणारी एक म्हातारी, आणि तिच्या मनात भलतेच काही.

पहिला प्रश्न चौकटीतल्या मजकुराचा, म्हणजे सूत्रधाराने (खेळ चालवणाऱ्याने; आमच्या बैठकीत मी) खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवायच्या वर्णनाचा. इंग्रजीत तो द्वितीयपुरुषी वर्तमानकाळात लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तिथले एकच सर्वनाम एकाला, अनेकांना, बाईला, पुरुषाला आणि आजोबांनाही पुरते. मराठीत मी ‘तू भुयारात शिरतोस’ असे लिहिले की टेबलावरच्या मुली भुयाराबाहेरच राहतात. ‘शिरतोस/शिरतेस’ लिहिले तर वर्णनाचा सरकारी अर्ज होतो. ‘तुम्ही शिरता’ हा उपाय सोपा वाटला, म्हणून गेल्या रविवारी तो आमच्याच मंडळींवर चालवून पाहिला. सर्वांत पुढे चालणाऱ्या एकाच पात्राचा पाय सापळ्यावर पडला होता. मी वाचले, ‘फरशी सरकते आणि तुम्ही खाली कोसळता’, आणि चौघांनीही मुकाट्याने पेन्सिली उचलून आपापले प्राणांक, म्हणजे पात्रात किती जीव उरला आहे तो आकडा, कमी केले.

दुसरा प्रश्न पैशांचा. प्रकाशनाने शब्दाला दोन रुपये असा दर सांगितला, आणि मी मनात १२,००० गुणिले दोन असा हिशेब करून होकार दिला. नंतर कळले की मोजायचे ते मराठी शब्द. पहिल्या प्रकरणातले इंग्रजी शब्द २,००० होते; माझे मराठी झाले १,४६०, आणि त्यात मी काहीही गाळलेले नाही. याच प्रमाणात पूर्ण पुस्तिका ८,७६० शब्दांची होईल, म्हणजे २४,००० रुपयांऐवजी १७,५२० हाती येतील. मराठी आटोपशीर आहे, याचा दंड मी का भरावा? शिवाय कराराच्या मसुद्यात ‘वर्क फॉर हायर’ असा एक शब्दप्रयोग आहे. परदेशी करारांत तो, ‘करवून घेतलेले काम करवून घेणाऱ्याच्याच मालकीचे’ अशा अर्थाने, मी कित्येकदा पाहिला आहे, पण इथल्या प्रकाशनाच्या करारात त्याचा अर्थ काय होतो, हे कुणी सांगू शकेल का?

उत्तर १ : डेक्कनचा सूत्रधार

तुमच्या चौघा खेळाडूंनी मुकाट्याने प्राणांक कमी केले, हे वाचून मला आधी त्यांचा हेवा वाटला. माझ्या टेबलावर अशा वेळी अर्धा तास वकिली चालते.

व्याकरणापुरते बोलायचे तर अडचण दिसते त्याहून लहान आहे. लिंग आड येते ते मुख्यतः दोन ठिकाणी : ‘तू जातोस, तू जातेस’ या वर्तमानकाळात आणि ‘तू गेलास, तू गेलीस’ या अकर्मक भूतकाळात. भविष्यकाळात ‘तू जाशील’ दोघांनाही चालते, आज्ञार्थात ‘जा’ चालते, आणि ‘तुम्ही जाता’, ‘तुम्ही गेलात’ यांतही स्त्री-पुरुष भेद उरत नाही. सकर्मक भूतकाळात तर क्रियापद कर्माच्या मागे जाते; ‘तू दार उघडलेस’ या वाक्यात दार नपुंसकलिंगी आहे आणि उघडणारे कोण याची वाक्याला फिकीर नाही. मात्र ही शेवटची सोय तुम्ही वापरू नये असे मी सांगेन, कारण वर्णनात ‘तू दार उघडलेस’ असे वाचले की खेळाडू ताबडतोब विचारतो, ‘मी कधी उघडले?’ आणि त्याचे बरोबर असते. त्याच्या पात्राने काय केले हे त्याने सांगायचे असते, आपण नव्हे.

खरी किल्ली वेगळीच आहे आणि ती मराठीने आपल्याला फुकट दिली आहे. आपल्याकडे जे जे अनुभवाला येते ते माणसाला ‘ला’ लावून सांगता येते : मला भूक लागते, तुला थंडी वाजते, तिला आवाज ऐकू येतो. या रचनेत क्रियापद भुकेशी, थंडीशी, आवाजाशी जुळते, माणसाशी नाही. चौकटीतल्या मजकुरात तरी काय असते? दिसणे, ऐकू येणे, वास येणे, हाताला ओल लागणे, अंगावर काटा येणे. ‘तुम्ही एक ओलसर दालन पाहता’ हे मराठी नाहीच. ‘दालनात पाऊल टाकताच गार वारा अंगावर येतो आणि कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज ऐकू येतो’ हे मराठी आहे, आणि त्यात सर्वनामाची गरजच पडली नाही. मी माझ्या जुन्या मसुद्यांतून ‘तुम्ही पाहता’ शोधून शोधून काढून टाकले, तेव्हा निम्म्या चौकटींमध्ये ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्नच शिल्लक राहिला नाही.

उरलेल्या ठिकाणी ‘तुम्ही’ ठेवा, पण एक शिस्त पाळा. चौकटीत फक्त सर्वांना एकाच वेळी कळणारे लिहायचे; एकट्यादुकट्यावर जे गुदरायचे ते चौकटीबाहेर, सूत्रधारासाठीच्या सूचनेत. तिथे ‘जे पात्र सर्वांत पुढे असेल ते खाली कोसळते’ असे लिहावे. ‘पात्र’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे आपले भाग्यच. ‘जो खेळाडू’ लिहिले की पुन्हा अडकलात. ‘ज्या खेळाडूचे पात्र’ लिहिले की सुटलात. तुमच्या खड्ड्याचा घोटाळा सर्वनामामुळे झाला असे तुम्हाला वाटते, पण माझ्या मते तो खड्डा चौकटीत असायलाच नको होता.

कथेतल्या इतर माणसांच्या तोंडी मात्र सर्वनामे मुक्त हस्ताने वापरा, कारण इंग्रजीला न मिळणारी हत्यारे तिथे तुमच्या हातात आहेत. किल्लेदार पहिल्या भेटीत ‘आपण’ म्हणाला, फासा वाईट पडल्यावर ‘तुम्ही’वर आला आणि शेवटी अरे-तुरेवर उतरला, तर त्याचे मन किती बिघडले हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याहून धारदार हत्यार म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक. ‘आपण पुढे जाऊ’ म्हणणारी म्हातारी तुमच्यासोबत आहे. ‘आम्ही या वाटेने कधी जात नाही’ म्हणणारीने तुम्हाला आपल्या गोटाबाहेर ठेवले आहे. तुमच्या कथेतल्या म्हातारीच्या मनात काही वेगळे असेल, तर तिला चारचौघांत ‘आपण’ बोलू द्या आणि एकदाच, घाईगर्दीत, ‘आम्ही’ बोलू द्या.

जाता जाता : खेळाडूंच्या ‘मी’कडेही लक्ष ठेवा. आमच्यातला एक भारदस्त मिशीवाला गृहस्थ एका धनुर्धारी राणीची भूमिका करतो. तो ‘मी दार उघडते’ म्हणाला की राणी बोलते आहे आणि ‘मी चहा घेतो’ म्हणाला की तो स्वतः, हे सगळ्या टेबलाला विचारल्याशिवाय कळते.

उत्तर २ : शब्दागणिक

मी खेळ खेळत नाही. माझा भाचा खेळतो आणि त्यानेच हा प्रश्न मला दाखवला. पण भाषांतरावर माझे घर गेली बरीच वर्षे चालले आहे, म्हणून दुसऱ्या भागाबद्दल लिहितो.

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि दंड भरण्याचे काहीही कारण नाही. इंग्रजीत शब्दयोगी अव्यये आणि उपपदे (‘अ’, ‘द’ वगैरे) सुटी उभी राहतात. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, आणि उपपद नावाची वस्तूच नाही. ‘ॲट द एंड ऑफ द टनेल’ हे सहा शब्द मराठीत ‘भुयाराच्या टोकाशी’ एवढ्या दोन शब्दांत मावतात. ‘फ्रॉम अंडर द डोअर’ हे चार शब्द ‘दाराखालून’ या एकात. संगणक दोन मोकळ्या जागांमधल्या अक्षरांना शब्द समजतो, म्हणून एक रुपयाचे काम चार आण्यांत मोजले जाते. या व्यवसायात मूळ मजकुराचे शब्द मोजण्याची पद्धत सर्रास रूढ आहे, आणि तिची बाजू प्रकाशनासमोर मांडताना न्यायाची भाषा वापरण्यापेक्षा सोयीची वापरावी : मूळ शब्द मोजले तर खर्चाचा आकडा काम सुरू होण्याआधीच दोघांना ठाऊक असतो, आणि भाषांतरकाराला मजकूर फुगवण्याचा मोह होत नाही. ‘भुयाराच्या टोकाशी’ऐवजी ‘भुयार जिथे संपते त्या ठिकाणी’ लिहून शब्दसंख्या वाढवणारे मी पाहिले आहेत. दर मराठी शब्दावर ठेवला तर तसलेच मराठी पदरी पडेल, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगा.

परिभाषेची सूची मात्र वेगळी मोजून घ्या. एका शब्दावर तुम्ही दोन दिवस घालवाल आणि तो शब्द मोजणीत एकदाच येईल.

करारासंबंधी : मी वकील नाही, परंतु प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ मधली काही कलमे आमच्या रोजच्या वापरातली आहेत. कलम १७ प्रमाणे प्रताधिकाराचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-संस्था होते. तुम्ही नोकर नाही. त्यामुळे ‘वर्क फॉर हायर’ एवढे तीन शब्द लिहिल्याने इथे आपोआप सगळे त्यांचे होईल असे समजू नये; त्यांना अधिकार हवे असतील तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतरण हवे, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून मुदत आणि प्रदेश या दोन ओळी कोऱ्या आहेत की भरलेल्या, हे आधी पाहा. भाषांतर करण्याचा अधिकार हा मूळ मालकाच्या अधिकारांचाच भाग असल्यामुळे, प्रकाशनाकडे मूळ लेखकाची परवानगी आहे हेही करारात एका वाक्यात यायला हवे. कलम ५७ चा, म्हणजे लेखक म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपल्या लेखनाच्या विपर्यासाला हरकत घेण्याचा विशेष अधिकार हस्तांतरणानंतरही लेखकाकडे राहतो. पुस्तिकेवर भाषांतरकार म्हणून तुमचे नाव छापले जाणार आहे का, हे मात्र आजच विचारा, कारण नंतर विचारले की मुखपृष्ठ आधीच छापून झालेले असते.

तुमच्या परदेशी करारांबद्दल एक गोष्ट. तो शब्दप्रयोग अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार कायद्यातला आहे आणि तिथे बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या कामाला तो नऊ ठरावीक प्रकारांतच लागू होतो. भाषांतर हा त्या नऊंपैकी एक आहे. तेव्हा तिथल्या एखाद्या प्रकाशनासाठी पुढेमागे भाषांतर केलेत, तर तो शब्दप्रयोग इथल्याइतका हलक्यात घेऊ नका.

रात्रपाळीची लेखणी

दोघांचेही आभार. ‘ला’ची युक्ती काल रात्री पहिल्या प्रकरणावर वापरून पाहिली; अकरा चौकटींपैकी सातांमधून सर्वनाम पूर्णपणे गेले आणि मजकूर आणखी ६० शब्दांनी कमी झाला. म्हणजे भाषा सुधारली आणि माझे १२० रुपये गेले.

आता दोन नवीन शंका. म्हातारीच्या ‘आम्ही’ची कल्पना मला फार आवडली आहे, पण मूळ कथेत त्या जागी कसलाही सुगावा नाही. मी तो घातला तर भाषांतर राहील का? आणि ‘डंजन’ला काय म्हणावे? अंधारकोठडी लिहिले की सगळे कैदी शोधू लागतात.

उत्तर ३ : चोरदरवाजा

‘डंजन’चा शब्दकोशातला अर्थ कोठडीच आहे, पण १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून आला तेव्हापासून खेळाडूंच्या लेखी त्याचा अर्थ जमिनीखालची दालने, वाटा, सापळे आणि त्यांत राहणारे काहीतरी असा झाला आहे. त्याला एकच मराठी शब्द शोधू नका. जागा पाहून शब्द घ्या : वाट असेल तर भुयार, घराखाली असेल तर तळघर, धान्याची जागा असेल तर पेव किंवा बळद.

पुण्यातल्या वाचकासाठी लिहिताना तर शब्दांची ददात पडू नये, कारण आपल्यापैकी निम्मे लोक शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतात. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची जागा म्हणजे देवडी, मोठ्या दारातले लहान दार म्हणजे दिंडी, दाराला आतून लावायचे आडवे लाकूड म्हणजे अडसर, तटातून मारा करायची भोके म्हणजे जंग्या, खडकात खोदलेला पाण्याचा साठा म्हणजे टाके. गुंजवण्याच्या बाजूने राजगड चढलेल्या माणसाला चोरदरवाजा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शेवटच्या टप्प्यावर तो स्वतः त्यातून वाकून आत गेलेला असतो. इंग्रजी शब्दकोशातून ‘गुप्त प्रवेशद्वार’ उचलणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावे. वाड्यांमध्येही ओसरी, माजघर, कोनाडा, बळद आहेतच. आणि प्रत्यक्ष पुण्याच्या पोटात काय आहे हे आठवा : अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधून पाणी आणले गेले, पेठांतले हौद त्यावर भरत, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातून वर जमिनीवर उघडणारी तोंडे, ठेवले होते. ‘उच्छ्वासातून खाली उतरलात’ हे वाक्य मी एकदा बैठकीत वापरले तेव्हा टेबल क्षणभर गप्प झाले. ही कथा तुम्ही आपल्या नावाने, स्वतंत्रपणे लिहा. हातातल्या भाषांतरात मात्र परदेशी किल्ल्याचा सिंहगड करू नका.

याच कारणासाठी ‘आम्ही’बद्दल मी डेक्कनच्या सूत्रधारांशी असहमत आहे. सुगावा हा शब्दांचा अलंकार नव्हे, तो खेळाचा भाग आहे. मूळ लेखकाने म्हातारीचे पितळ कधी उघडे पडावे हे मोजूनमापून ठरवले असणार. तुम्ही दोन दालने आधी इशारा दिलात तर खेळाचे वजन बदलते. मूळ लेखकाला विचारा. तो हो म्हणेल असे मला वाटते, पण विचारल्याशिवाय घालू नये.

या चर्चेत कुणी न काढलेला एक मुद्दा, जो मला सर्वनामापेक्षा महत्त्वाचा वाटतो : आकड्यांभोवतालची मराठी फार काळजीपूर्वक लिहा. वीस बाजूंच्या फाशावर ‘१५ किंवा अधिक’ पडण्याची शक्यता सहा बाजूंची, म्हणजे ३० टक्के. भाषांतरकाराने झोपेत ‘१५ पेक्षा जास्त’ लिहिले की ती पाच बाजूंवर, २५ टक्क्यांवर येते. दोन फासे टाकून चांगला तो धरायचा असेल तर हीच तफावत ५१ टक्के आणि साधारण ४४ टक्के अशी होते. एका शब्दाने सगळा सापळा अवघड होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध असते. ‘पर्यंत’ हाही असाच घातकी शब्द आहे. ‘पाचव्या फेरीपर्यंत’ म्हटल्यावर पाचवी फेरी धरायची की नाही यावर माझ्यासमोर भांडण झालेले आहे. ‘पाचवी फेरी संपेपर्यंत’ असे लिहा. निम्मे करायला सांगितले असेल तर अपूर्णांकाचे काय करायचे तेही तिथेच सांगा.

पुस्तिका ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर असेल तर आणखी एक उपयोगाची गोष्ट. त्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज, ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशाच्या परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे त्यातल्या नियमांचे मराठी करून, ठरलेला श्रेयनिर्देश छापून, ते पुस्तिकेत घेता येतात. जे राक्षस आणि जी नावे त्या दस्तऐवजात नाहीत त्यांना ही सवलत नाही, एवढे भान ठेवा.

उत्तर ४ : नुसताच वाचक

सगळे वाचले आणि आनंदही झाला, परंतु एक साधी शंका मांडतो. पुण्यातल्या कोणत्याही टेबलावर मी अजून ‘फासा टाका’ असे ऐकलेले नाही. सगळे ‘रोल कर’ म्हणतात. पात्रपत्रक कुणी म्हणत नाही, शीट म्हणतात. मग पुस्तिका नेमकी कुणाच्या तोंडच्या मराठीत लिहायची?

डेक्कनचा सूत्रधार

वाचकांची शंका रास्त आहे. माझा तोडगा असा की जे शब्द खेळाडू पेन्सिलीने कागदावर लिहितात ते लोकांच्या तोंडचे असू द्यावेत, आणि जे शब्द त्यांनी डोळे मिटून ऐकायचे आहेत ते मराठी असावेत. सूचनेत ‘रोल’ खुशाल येऊ दे, चौकटीत नको. वीस बाजूंच्या फाशाला आमच्याकडे ‘विशी’ म्हणतात. तो शब्द कुणी घडवला नाही, घाईत आपोआप पडला आणि टिकला.

‘आम्ही’च्या बाबतीत चोरदरवाजा यांचे म्हणणे मला पटले. आधी विचारायला हवे.

रात्रपाळीची लेखणी

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. प्रकाशनाने मूळ इंग्रजी शब्द मोजायला मान्यता दिली, पण दर एक रुपया साठ पैशांवर आणला. म्हणजे १९,२००, मनात धरलेले २४,००० नव्हेत, पण १७,५२० सुद्धा नव्हेत. परिभाषेच्या सूचीचे वेगळे पैसे देण्यास त्यांनी नकार दिला. ‘वर्क फॉर हायर’ काढून तिथे सात वर्षांचे, फक्त मराठी आवृत्तीपुरते हस्तांतरण लिहिले गेले, आणि माझे नाव आतल्या पानावर येणार आहे. मुखपृष्ठासाठी मी आणखी एक पत्र पाठवले आहे.

मूळ लेखकालाही विचारले. इंग्रजी ‘वी’साठी मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन वेगळे शब्द आहेत, हे समजावून सांगायला मला तीन परिच्छेद लागले. त्यांनी परवानगी दिली आणि एक अटही घातली : म्हातारीने ‘आम्ही’ म्हणावे ते एकदाच, आणि सूत्रधाराने त्या शब्दावर जोर देऊ नये.

काल रविवारी ते दालन खेळवले. म्हातारी ‘आम्ही या वाटेने कधी जात नाही’ असे म्हणाली. मी जोर दिला नाही, आणि चौघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पोह्यांच्या बश्या घेऊन आत आलेली आई मात्र दारातच थांबली आणि म्हणाली, ‘ही बाई आम्ही का म्हणते आहे? ती तुमच्यातली नाही का?’ त्यावर चौघांनी पाच मिनिटे गंभीरपणे खल केला, टेबलाबाहेरून आलेली सूचना ग्राह्य धरता येणार नाही असे एकमताने ठरवले, आणि म्हातारीच्या मागोमाग पुढच्या दालनात गेले.